जोडप्याचा पहिला प्रवास : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

लग्नातले बहुतेक निर्णय घरचे घेतात. मुहूर्त गुरुजी काढून देतात, हॉल वडीलमंडळी पाहतात, आमंत्रणांची यादी दोन्ही घरांची मिळून होते. लग्नानंतर फिरायला कुठे जायचे, किती दिवस आणि किती खर्च करून, हे मात्र त्या दोघांनाच ठरवावे लागते. संसारात दोघांनी मिळून घेतलेला हा पहिला मोठा निर्णय असतो. पैसा, रजा, थोरांचा शब्द, एकमेकांच्या आवडीनिवडी आणि भीतीही या एका निर्णयात एकत्र येतात. ठरवून झालेल्या लग्नात तर ‘तुला काय आवडेल?’ हा प्रश्न बऱ्याचदा याच निमित्ताने पहिल्यांदा विचारला जातो.

या पुस्तकाचा विषय हा निर्णय आहे. माथेरानच्या दोन रात्री असोत की मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकाचे दहा दिवस, सहलीच्या आखणीत नवे घर कसे उभे राहू पाहते आहे ते दिसते, असे आमचे म्हणणे आहे. ठिकाणांची वर्णने मराठीत भरपूर आहेत. ठिकाण निवडले कसे गेले, कोणत्या अडचणी ओलांडून आणि कोणाच्या आधाराने, हे तपासायला लागलो की समाजाचा इतिहास हाती येऊ लागतो. या अभ्यासात नव्याने पाऊल टाकणाऱ्या वाचकाला वाट दाखवावी, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

सुरुवात कल्याणपासून करण्याला कारण आहे. कान्हेरीच्या लेण्यांमधल्या शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचे उल्लेख आहेत आणि पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथातही हे बंदर येते. म्हणजे दूरदेशी जाणे या गावाला नवे नाही. १ मे १८५४ रोजी रेल्वे ठाण्याहून कल्याणला आली आणि पुढे इथूनच तिचे दोन फाटे झाले. एक कसारा-इगतपुरीकडे थळ घाट चढून गेला, दुसरा कर्जत-खंडाळ्याकडे बोर घाट चढून. बोर घाटातली गाडी १८६३ मध्ये सुरू झाली. नाशिक, पुणे, उत्तर, दक्षिण, कुठेही जायचे तरी कल्याण लागते. शिवाय रेल्वे कामगारांची मोठी वस्ती इथे असल्याने पास काढून प्रवासाला निघणारी कुटुंबे या शहरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कोणी, केव्हा, कोणाबरोबर आणि कोणत्या कारणाने प्रवास केला, हे तपासायला याहून चांगली जागा मिळणे कठीण.

व्यापारासाठी, तीर्थासाठी, नोकरीसाठी माणसे हिंडत होती. नवरा-बायकोने केवळ एकमेकांच्या सहवासासाठी बाहेर पडणे मात्र आपल्याकडे अलीकडचे आहे. एकोणिसाव्या शतकातल्या मध्यमवर्गीय जोडप्याला एकत्र प्रवासाची संधी बहुधा दोनच गोष्टींनी दिली : देवाने आणि सरकारी नोकरीने. पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशींच्या बदल्यांबरोबर आनंदीबाई अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता अशा हिंडल्या. त्यांचे माहेरचे घराणे कल्याणचे. न्यायमूर्ती रानड्यांच्या फिरतीवर रमाबाई सोबत असत, आणि १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या त्यांच्या पुस्तकात त्या मुक्कामांचे तपशील आहेत. नवरा-बायकोने चारचौघांत मोकळेपणी बोलणेसुद्धा वडीलधाऱ्यांना रुचत नसे. अशा काळात मुक्कामाच्या बंगल्यातली संध्याकाळ किती मोलाची असेल, याची कल्पना त्या आठवणी वाचताना येते. जोडप्याच्या प्रवासाचा अभ्यास करणाऱ्याने त्या काळातली बायकांची आत्मकथने आधी वाचावीत, असा आमचा आग्रह आहे.

देवाच्या निमित्ताने होणारा प्रवास तर आजही पहिला मान राखून आहे. ठाणे-कल्याण भागातल्या आगरी, कोळी आणि सीकेपी घरांतली नवी जोडपी कार्ल्याच्या एकवीरेला जातात. खंडोबा ज्यांचे कुलदैवत, ती जेजुरीला जातात, आणि गडाच्या निदान पाच पायऱ्या तरी नवऱ्याने नवरीला उचलून चढायची प्रथा तिथे आनंदाने पाळली जाते. सोबत दोन्हीकडची माणसे असतात, गाडीत जागा पुरत नाही, एकांत मुळीच मिळत नाही. तरीही हा जोडप्याचा प्रवास आहे, कारण ‘ही दोघे आता एक’ हे सगळ्यांसमोर देवाच्या पायरीवर मान्य केले जाते. म्हणून आम्ही देवदर्शन आणि मधुचंद्र यांना एकमेकांविरुद्ध उभे करत नाही. कल्याणहून कार्ल्याला जाणारी वाट आणि लोणावळा-खंडाळ्याला जाणारी वाट एकच आहे. कित्येक जोडप्यांनी एकवीरेची ओटी भरून, घरच्यांना परत पाठवून, पुढचे दोन दिवस त्याच वाटेवर काढले.

थंड हवेची ठिकाणे इंग्रजांनी स्वतःसाठी वसवली. महाबळेश्वरला गव्हर्नर माल्कम यांच्या काळात, १८२८-२९ च्या सुमारास, माल्कमपेठ उभी राहिली. माथेरानचा माथा १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी हेरला. पुढे १९०७ मध्ये नेरळ-माथेरान गाडी सुरू झाली. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने हे काम अंगावर घेतले आणि अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी ते तडीस नेले. दोन फूट रुंदीच्या रुळांवरून सुमारे एकवीस किलोमीटरचा हा प्रवास डोंगराला वळसे घेत चढतो. वाटेत एकच बोगदा लागतो आणि त्याला लोक ‘वन किस टनेल’ म्हणतात. कल्याणहून नेरळ लोकलने तासाभराच्या आत. साहेबांसाठी वसलेले माथेरान हळूहळू कारकून, शिक्षक, गिरणीतले जॉबर आणि बँकेतली मंडळी यांच्या मधुचंद्राचे गाव झाले. हे स्थित्यंतर कसे घडले, हा या क्षेत्रातला पहिला मोठा प्रश्न आहे.

उत्तराचा एक मोठा भाग घरांच्या आकारात आहे. गिरगाव, दादर, परळहून उठून माणसे डोंबिवली-कल्याणला राहायला आली ती चाळीतून वन रूम किचनमध्ये. सासू-सासरे, दीर, नणंद आणि नवे जोडपे अशी सहा-सात माणसे एका खोलीत झोपत. दार लावून बोलता येईल अशी जागाच नव्हती. अशा घरातल्या जोडप्याला माथेरानच्या लॉजवरच्या दोन रात्री ही चैन वाटली नाही, ती गरज होती. ‘एकांत विकत घ्यावा लागतो’ हे ज्या पिढीने अनुभवले, तिच्या मधुचंद्राकडे हौस म्हणून पाहिले तर अभ्यास चुकीच्या दिशेने जाईल. वाचकाने पर्यटनाच्या पुस्तकांइतकाच घरबांधणीच्या इतिहासाकडे वळावे, असे आम्ही सुचवतो ते यासाठी.

दुसरा भाग रजेचा आणि पैशाचा. केंद्र सरकारच्या नोकरांना १९५६ पासून प्रवास सवलत मिळू लागली, रेल्वेच्या नोकरांना पास होताच, बँका आणि कंपन्यांतही तशा सवलती आल्या. १९७५ मध्ये राज्याचे पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले. १९८४ मध्ये केसरी पाटील यांनी ‘केसरी’ ही सहल कंपनी सुरू केली आणि मराठी जेवण, मराठी टूर लीडर, ठरलेला खर्च या तीन गोष्टींमुळे परगावाची धास्ती पुष्कळ कमी झाली. वीणा पाटील यांनी २०१३ मध्ये ‘वीणा वर्ल्ड’ काढली. खास नवविवाहितांसाठी काढलेल्या सहलींत पंधरा-वीस जोडपी एकत्र जातात. एकांतासाठी निघालेली जोडपी गटाने का जातात, हे कोडे वाटते. उत्तर साधे आहे : घरच्यांना मुलगी सुरक्षित हातांत दिल्याचे समाधान मिळते आणि दोघांना दिवसभराच्या व्यवस्थेतून सुटका.

सिनेमाने स्वप्ने पुरवली. राजदत्त यांचा ‘मधुचंद्र’ १९६७ साली आला, तेव्हा हा शब्द चित्रपटाच्या पाटीवर बिनदिक्कत लावता येत होता. हिंदी चित्रपटांनी काश्मीर दाखवले. १९९० च्या आसपास काश्मीर अशांत झाल्यावर ओघ कुलू-मनाली, उटी, केरळकडे वळला. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाल्यावर गोवा जवळ आला. परदेशाची दारे पैशाच्या नियमांनी उघडली. परकीय चलनावरची कडक बंधने सैल होत गेली आणि रिझर्व्ह बँकेने २००४ मध्ये व्यक्तीला ठरावीक मर्यादेत परदेशी खर्चासाठी रक्कम पाठवण्याची मुभा दिली. बँकॉक, बाली, मॉरिशस, मालदीव ही नावे डोंबिवलीच्या घरांत रुळली. आता त्यांच्याही पलीकडे पाहणारी जोडपी आहेत.

तिथेच कोस्टा रिका येतो. मराठी वाचकाला लॅटिन अमेरिकेची वाट मीना प्रभू यांच्या ‘मेक्सिकोपर्व’ आणि ‘दक्षिणरंग’ या पुस्तकांनी दाखवली. दोन खंडांना जोडणाऱ्या चिंचोळ्या पट्टीवरचा हा छोटा देश आम्ही तुलनेसाठी निवडला, कारण तो कल्याणसारखाच उष्ण कटिबंधात आहे. तिथे आंबा पिकतो, केळी पिकतात, उकडते आणि पाऊस महिनोन्‌महिने कोसळतो. थंडीसाठी किंवा बर्फासाठी केलेल्या सहलीचे कारण समजते. आपल्यासारख्याच हवेच्या देशात अर्धी पृथ्वी ओलांडून का जावे, याचे उत्तर शोधताना जोडपे काय पाहायला निघते हे अधिक नीट कळते.

आखणीतली सर्वांत रंजक गाठ पंचांग आणि हवामान यांची आहे. आपल्याकडे चातुर्मासात लग्ने होत नाहीत. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त निघू लागतात, पौषात फार थोडे असतात, माघ-फाल्गुनात पुन्हा येतात आणि वैशाख-ज्येष्ठात तर एका दिवसात तीन-तीन लग्नांना हजेरी लावावी लागते. वैशाखातल्या जोडप्याला उन्हापासून सुटका हवी असते, म्हणून महाबळेश्वर, माथेरान, मनाली. मार्गशीर्षातल्या जोडप्याला समुद्र चालतो, म्हणून गोवा आणि तारकर्ली. हाच हिशेब कोस्टा रिकाला लावला तर चित्र पालटते. तिथे पॅसिफिक किनाऱ्यावर कोरडे महिने डिसेंबर ते एप्रिल, आणि मे महिन्यात पावसाला सुरुवात होते. म्हणजे मार्गशीर्ष आणि माघातल्या लग्नांना हा देश उत्तम मानवतो. वैशाखात लग्न झालेले जोडपे तिथे पोचेल ते पावसाबरोबर. मात्र तो पाऊस बहुधा दुपारनंतर येतो, सकाळी ऊन असते, रान हिरवेगार होते आणि गर्दी कमी झाल्याने राहण्याचे दरही उतरतात. कॅरिबियन किनाऱ्याचे ऋतुमान पुन्हा वेगळे : तिकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात, पॅसिफिक बाजूला पाऊस जोरात असताना, बऱ्यापैकी उघडीप असते. आषाढ-श्रावणात माळशेजचा पाऊस अंगावर घ्यायला मुरबाड रस्त्याने मुद्दाम जाणाऱ्या कल्याणकरांना पावसाळी रानाचे सौंदर्य वेगळे समजावून सांगायला नको. मुहूर्त आणि ऋतूंच्या या हिशेबावर पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, आणि ते वाचताना घरातले पंचांग जवळ ठेवावे.

वाटेचा विचारही असाच उलगडत जातो. मुंबईहून कोस्टा रिकाच्या राजधानीला, सान होसेला, थेट विमान नाही. युरोपात किंवा अमेरिकेत विमान बदलावे लागते, आणि अमेरिकेच्या विमानतळावर नुसते विमान बदलायचे असले तरी त्या देशाचा व्हिसा आधी लागतो. दोन देशांच्या घड्याळांत साडेअकरा तासांचे अंतर आहे, म्हणजे इथली रात्र ती तिथली सकाळ. आठवड्याच्या रजेत हा प्रवास बसवला तर जायचा-यायचा वेळ आणि शिणवटा वगळून हाती थोडेच उरते. त्यामुळे दहा-बारा दिवस मिळत नसतील तर हे ठिकाण पुढच्या वर्षावर टाकलेले बरे. आणखी एक गोष्ट नव्या नवरीची. तिकिटावरचे नाव आणि पासपोर्टवरचे नाव एकच असावे लागते. लग्नानंतर नाव बदलायचे की नाही, बदलायचे तर केव्हा, हा प्रश्न प्रवासाच्या आखणीमुळे अनेक घरांत पहिल्यांदा मोकळेपणाने बोलला जातो. महापालिकेतून विवाह नोंदणीचा दाखला काढणे, बँकेत दोघांचे खाते उघडणे, कोणाचे कर्ज किती हे एकमेकांना सांगणे, हीही याच आखणीची अंगे आहेत. सहल रद्द झाली तरी ही कामे वाया जात नाहीत.

कोस्टा रिकात गेल्यावर काय पाहायचे, याबद्दल थोडे. आरेनाल हा ज्वालामुखी १९६८ मध्ये अचानक जागा झाला आणि २०१० पासून शांत आहे. त्याच्या पायथ्याशी गरम पाण्याचे झरे आहेत. वज्रेश्वरी-अकलोलीची कुंडे पाहिलेल्याला त्यांची ओळख लगेच पटेल. मोंतेवेर्देचे रान ढगांत बुडालेले असते. १९५१ मध्ये अमेरिकेतून आलेल्या शांतताप्रेमी क्वेकर कुटुंबांनी तिथे वस्ती केली, कारण या देशाने १९४८ मध्ये आपले सैन्यच विसर्जित केले होते. त्या वस्तीलगतचे रान १९७२ पासून राखीव आहे. त्याच वर्षी मानुएल आंतोनियो हे समुद्रकाठचे राष्ट्रीय उद्यान झाले, जिथे पांढऱ्या वाळूपर्यंत झाडी उतरते.

मात्र यजमानांकडे पाहिल्याशिवाय हा अभ्यास पुरा होत नाही. दोघांच्या एकांतामागे किती माणसांचे हात असतात! माथेरानला मोटारींना बंदी आहे. दस्तुरी नाक्यापासून पुढे घोडेवाले, हमाल आणि हातरिक्षावाले यांच्या बळावर गाव चालले. नवी नवरी हातरिक्षात बसली असेल तर ती ओढणाऱ्याच्या छातीचा भाता कसा चालत होता, हेही त्या आठवणीचा भाग आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये हातरिक्षा बंद करून त्या चालकांना ई-रिक्षांकडे नेण्याचा आदेश दिला, ही या क्षेत्राच्या दृष्टीने मोठी घटना आहे. कोस्टा रिकात ऐंशीच्या दशकापर्यंत जंगल तुटत तुटत देशाच्या चतुर्थांशाच्या आसपास आले होते. १९९६ च्या वनकायद्यानंतर रान राखणाऱ्या जमीनमालकांना इंधनावरच्या करातून मोबदला मिळू लागला आणि आज निम्म्याहून अधिक भूमीवर झाडी आहे. म्हणजे तिथे जोडपी जी हिरवाई पाहायला जातात ती राखलेली आहे, आपोआप उरलेली नाही.

याचे आपल्या घरचे उदाहरण वेळास. मंडणगड तालुक्यातल्या या गावाने ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखली. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान पिल्ले समुद्राकडे धावताना पाहायला माणसे येतात, गावातल्या घरांत राहतात, घरचे जेवतात. हीच जात कोस्टा रिकाच्या ओस्तिओनाल किनाऱ्यावर हजारोंच्या संख्येने येऊन अंडी घालते. ज्या जोडप्याला इतक्या दूरचा प्रवास परवडणार नाही, त्याने माघातल्या लग्नानंतर वेळासला जावे. समुद्र, रान, कासवे आणि गावकऱ्यांची माया हे सगळे तिथे आहे, आणि खर्चाचा पैसा रान व किनारा राखणाऱ्या माणसांच्या घरी जातो.

साधनांबद्दल नव्या अभ्यासकाला काही सूचना. रेल्वेची जुनी वेळापत्रके, दिवाळी अंकांतल्या हॉटेलांच्या जाहिराती, सहल कंपन्यांची माहितीपत्रके, लग्नाच्या अल्बममागे चिकटलेली लॉजची पावती, मैत्रिणीला लिहिलेली पत्रे, ही या क्षेत्राची कागदपत्रे आहेत. १८६४ पासून चालत आलेल्या कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात बसून जुने अंक चाळण्याइतकी चांगली सुरुवात नाही. मुलाखती घेताना दोघांना एकत्र आणि मग वेगवेगळे बोलते करावे. ठिकाण कोणी सुचवले, याचे उत्तर दोघांचे सारखे असेलच असे नाही, आणि त्या फरकात पुष्कळ काही असते. जे खासगी आहे ते विचारू नये. आपला विषय खोलीच्या दारापाशी थांबतो.

जी माणसे या इतिहासातून सहज गळतात त्यांच्याकडे विशेष लक्ष हवे. पैशाअभावी कुठेच न गेलेली जोडपी, लगेच कामावर रुजू व्हावे लागलेली, घरच्यांच्या विरोधात लग्न केल्याने हॉटेलच्या काउंटरवर दाखला मागितला जाईल या भीतीत वावरलेली आंतरजातीय आणि आंतरधर्मीय जोडपी, समलिंगी जोडपी. कोस्टा रिकाने २०२० मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता दिली. मध्य अमेरिकेत तसे करणारा तो पहिला देश. पंचवीस-तीस वर्षे संसार करून, मुले मार्गी लागल्यावर पहिल्यांदाच दोघेच निघालेली साठीतली जोडपीही आमच्या दृष्टीने याच विषयात येतात. त्यांचा पहिला प्रवास उशिरा झाला, एवढेच.

पुस्तकाची मांडणी पाच भागांत आहे : काळ, घर, पैसा, वाट आणि यजमान. कोणत्याही भागापासून सुरुवात केली तरी चालेल. लग्न ठरलेल्या वाचकाने वाटेच्या भागापासून करावी, विद्यार्थ्याने घरापासून. दोघांनाही एक काम सांगावेसे वाटते. आपल्या आई-वडिलांना, आजी-आजोबांना विचारा : लग्नानंतर कुठे गेला होता, ते कोणी ठरवले, पैसे कुठून आले, आणि नसाल गेला तर का नाही? उत्तरे तारखांसह लिहून ठेवा. मग स्वतःच्या प्रवासाची आखणीही वहीत उतरवा, दोघांच्या हस्ताक्षरात, खोडाखोडीसकट. या विषयावर पुढे जे लिहिले जाईल ते अशा वह्यांवरून लिहिले जाईल, आणि ते लिहिणाऱ्यांत तुम्ही असावे अशी आमची मनापासून इच्छा आहे.